कपात कागदावर, गळती वर्गात

शाळांच्या खर्चाला कात्री लावताना आधी शाळेच्या दैनंदिन खर्चासाठी मिळणाऱ्या ‘संयुक्त शाळा अनुदाना’चे गणित पाहावे, अशी आम्हा शिक्षकांची मागणी आहे. ‘समग्र शिक्षा’ या केंद्र पुरस्कृत शालेय योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. उरतात ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. यातच वीजबिल, इंटरनेट, खडू, हजेरीपत्रके, नळदुरुस्ती, सगळे. पट ३१ झाला की हीच रक्कम २५,००० होते. म्हणजे एका मुलाने शाळा सोडली तर १५,००० रुपये जातात; छप्पर मात्र तेवढेच राहते, वीजमीटरही तोच. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, भोर, राजगड तालुक्यांच्या डोंगरी वाड्यांत पट नैसर्गिकरीत्याच कमी असतो, आणि पावसाचा मारा सर्वाधिक तिथेच.

रक्कम वर्षअखेरीस हाती आली तर ३१ मार्चपूर्वी घाईने खर्ची टाकावी लागते, नाहीतर परत जाते. मग जूनमध्ये कौले शाकारायला पैसा कुठून येणार? शेवटी शिक्षकच वर्गणी काढतात. हे थांबलेच पाहिजे.

पहिला हप्ता एप्रिलमध्येच द्यावा, वीजबिल अनुदानातून वगळून थेट भरावे आणि लहान शाळांना पटाऐवजी वर्गखोल्यांच्या संख्येवर निधी द्यावा. शिक्षकपदांना तर हात लावूच नये: शिक्षण हक्क कायद्याने ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले आहेत.

— शिक्षक संघटनेचे काही सदस्य, पुणे