चिंगीच्या डॉक्टरांना

डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

चिंगीला जाऊन सव्वा महिना झाला. आज तिची फाइल उघडली. पहिल्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही निळ्या पेनाने काढलेले चार चौकोन तसेच आहेत. तिसऱ्यात मांजराचे दोन कान. त्या कागदापासून मला खूप काही कळायला लागलं, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसरीकडे जाऊन आले होते. तेरा वर्षांची मांजर, पाणी फार पिते, वजन उतरतंय. "वय झालंय, असं व्हायचंच," एवढं ऐकून आणि गोळ्यांची पुडी घेऊन परतले. गोळ्या कशाच्या, ते मी विचारलंही नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

तुम्ही तिची टोपली जमिनीवर ठेवायला लावलीत, स्वतःही खाली बसलात आणि ती आपणहून बाहेर येईपर्यंत मला विचारत राहिलात. पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा भरता? वाळूच्या ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे झालेत का? पाणी पिते म्हणजे चांगलंच, असं मी धरून चालले होते. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, पाणी वाहून जातं, म्हणून ती सारखी तहानेली असते, हे तेव्हा समजलं.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा कचरा, 3.4 आलं होतं. मागच्या वर्षीचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हटल्यावर तुम्ही सांगितलंत, हा आकडा चढेपर्यंत मूत्रपिंडांचं जवळपास 75 टक्के काम गेलेलं असतं. मी रात्रभर स्वतःला दोष देत बसणार, हे तुम्हाला दिसलं असावं. अंगातलं पाणी कमी झालं तरीही आकडा वाढतो, तेव्हा ते भरून काढून पुन्हा तपासू, असंही म्हणालात. दोन आठवड्यांनी 3.1. मग ते चौकोन काढलेत: 1.6 च्या आत आजाराचा पहिला टप्पा, 2.8 पर्यंत दुसरा, 5 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा.

आणि ती रात्र. चिंगी अंग चोरून बसली होती, मी माझी पॅरासिटामॉल मोडून हातात घेतली होती. देण्याआधी तुम्हाला फोन केला म्हणून वाचलो. मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, रक्ताला ऑक्सिजन नेता येईनासा होतो, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. तुम्ही रागावला नाहीत. कारण सांगितलंत, म्हणून ते कायमचं लक्षात राहिलं.

नंतर आकडा 6 च्या वर गेला. भरती करून शिरेतून सलाइन, घरी कातडीखाली सलाइन, किंवा फक्त त्रास कमी ठेवायचा. तीनही वाटा तुम्ही सारख्याच सविस्तर सांगितल्यात, प्रत्येकीत तिला काय सोसावं लागेल तेही. "तुम्ही काय केलं असतं?" या माझ्या प्रश्नावर तुम्ही विचारलंत, "तिचा चांगला दिवस कसा असतो?" खिडकीतलं ऊन, अंगावरून फिरणारा ब्रश, मी आले की दारापर्यंत येणं. "हे तीन कॅलेंडरवर मांडा," म्हणालात. पिंजऱ्यात ती भिंतीकडे तोंड करून बसायची, हे मला माहीत होतं. घरचं सलाइन घेतलं. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई त्यात. पहिल्यांदा माझा हात थरथरला तेव्हा तुम्ही मनगटाला आधार दिलात.

अकरा आठवडे मिळाले. मग सलग पाच दिवस कॅलेंडरवर फुल्याच आल्या. "आज की उद्या, दोन्ही बरोबरच," असं तुम्ही म्हणालात. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं, डोळे उघडे राहतील, एखादा श्वास नंतरही येईल, हे सगळं आधी सांगून ठेवलं होतंत. तो श्वास आला. मी घाबरले नाही. हात तिच्या पाठीवरच राहिला.

न उघडलेल्या तीन सलाइनच्या बाटल्या आणि वजनकाटा घरात आहे. साडेतीन किलोच्या जिवात 350 ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा, हे त्या काट्यावरच कळलं होतं. शुक्रवारी घेऊन येते. कुणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर त्यांना द्या.

तुमची ऋणी,
चिंगीची आई