अकबराला माफ करणारी मुलगी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘मुघल-ए-आझम’ लावलास, अर्ध्यातच झोपलीस, आणि सकाळी उठून निकाल देऊन मोकळी झालीस: सगळे भाषण दिल्यासारखे बोलतात, इतिहास खोटा आणि अनारकली नुसती रडत असते. पहिले दोन मुद्दे मान्य. तिसऱ्यावर मात्र भांडणार आहे.

इतिहास खोटाच आहे. शहजादा सलीमवर प्रेम केलं म्हणून अकबराने अनारकली नावाच्या दासीला भिंतीत चिणल्याचा उल्लेख अकबरनाम्यात, म्हणजे त्याच्या दरबारी इतिहासात नाही, आणि पुढे जहांगीर झालेल्या सलीमने स्वतः लिहिलेल्या आठवणींतही नाही. सलीमने बापाविरुद्ध बंड केलं होतं, पण ते गादीसाठी. १६०२ मध्ये त्याने अबुल फजलला, म्हणजे अकबराच्या सगळ्यात जवळच्या माणसाला, मारवलं. तो सलीम सिनेमात सलीम झालेल्या दिलीपकुमारला शोभला नसता! नाटकीपणाचं म्हणशील, तर ही गोष्ट इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकातून लोकप्रिय झाली, आणि अकबर झालेले पृथ्वीराज कपूर स्वतःची नाटक कंपनी चालवणारे. ते हळू आवाजात बोलतील ही अपेक्षाच चुकीची.

आता तुझ्या झोपेबद्दल. तू बहुतेक रंगवलेली प्रत पाहिलीस, २००४ मध्ये आली ती. तुझ्या आजीने १९६० मध्ये पाहिला तेव्हा सिनेमा बराचसा कृष्णधवल होता. दरबार, तुरुंग, युद्ध, सगळं करड्या रंगात. आणि मग शीशमहालात अनारकली भर दरबारात बादशहासमोर उभी राहून ‘प्रेम केलंय, भ्यायचं कशाला’ असं गाते, तिथे पडद्यावर एकदम रंग येतो. छतावरच्या शेकडो आरशांत तीच एक नाचताना दिसते. अकबराने नजर कुठे वळवायची? आजी म्हणायची, थिएटरात लोकांचा श्वास अडकायचा. सगळाच सिनेमा रंगवला की ती जागा इतर जागांसारखीच होऊन जाते. त्यामुळे तू झोपलीस यात सगळा दोष तुझा नाही.

पण तू नेमकं जे चुकवलंस ते त्यानंतर आहे. साखळदंडात जखडलेली अनारकली बघ. त्या साखळ्या खऱ्याच जड होत्या म्हणतात, आणि अनारकली झालेल्या मधुबालाला हृदयाचा विकार होता. मरण्याआधी ती एक रात्र सलीमची राणी होऊ देण्याची मागणी करते, कारण सलीमने तिला तसं वचन दिलंय आणि तो खोटा ठरू नये. अकबर परवानगी देतो, पण अट घालतो की पहाटेपूर्वी तिनेच सलीमला गुंगी द्यायची. ती कबूल होते. आणि जाता जाता काय बोलते माहितेय? बादशहाच्या या मेहेरबानीच्या बदल्यात ही दासी अकबराला आपला खून माफ करते. पूर्ण नाव घेऊन, जलालुद्दीन मोहम्मद अकबर. रडत नाही गं ती. त्या महालात शिक्षा देणारा आणि माफी देणारा असा एकच माणूस असतो, आणि ती त्यातली अर्धी सत्ता सहज काढून घेते.

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. तुझ्या वयाची असताना मला तो गोड वाटला होता. तिच्या आईला दिलेलं जुनं वचन पाळायचं म्हणून अकबर तिला भुयारातून सोडून देतो, मायलेकींनी कायम अज्ञातवासात राहायचं, आणि सलीमला ती जिवंत असल्याचं कधीच कळू द्यायचं नाही. म्हणजे बादशहा न्यायीही ठरला आणि त्याचा हट्टही पुरा झाला. यावेळी पाहताना मला त्याचा राग आला. मरायला ती तयार होती. असं जगायला तयार आहे का, हे तिला कोणी विचारतच नाही.

सलीमच्या आईबद्दल, जोधाबाईबद्दल आज लिहीत नाही. ती दुर्गाबाई खोटे आहेत, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामती, आणि नवरा विरुद्ध मुलगा या कात्रीत सापडलेल्या त्या बाईवर लिहायला बसले की हे पत्र संपणार नाही. तू आलीस की कृष्णधवल प्रत शोधून ठेवते. यावेळी दुपारी लावू, जेवणाच्या आधी.

तुझी,
आई