वाकवून बघायला अर्धा मिनिट लागतो, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीच्या पाठीचा बाक पहिल्यांदा ओळखला तो नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या शिंपीणबाईंनी. तान्ह्या पोळ्यासाठी नवा घागरा शिवायला टाकला होता. पोर पाच वर्षांची. बाई म्हणाल्या, "ताई, घेर डावीकडून वर जातोय. माप बरोबर आहे, पोरीची कंबर पाहा." घरी आल्यावर तिला पुढे वाकायला लावलं. उजव्या बाजूच्या फासळ्या उंचवट्यासारख्या वर आल्या होत्या. रोज वेणी घालणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

या आजाराला स्कोलिओसिस म्हणतात, म्हणजे कणा बाजूला वाकणं. एक्स-रेत बाक ४८ अंशांचा निघाला. ज्या दवाखान्यात आधी गेलो तिथे सांगितलं, "वाढ पूर्ण होऊ द्या, मग ऑपरेशन." आम्ही थांबलो. दीड वर्षानं बाक ७१ अंशांवर गेला आणि जिना चढताना तिला दम लागू लागला.

लहान मुलांत नुसतं थांबणं महागात पडतं, हे तेव्हा कळलं. कणा वाकतो तशी छाती आवळते, आणि फुप्फुसं वाढायची ती याच वयात. घाईने कणा सांधून टाकला तर त्याची वाढच थांबते. म्हणून वर आणि खाली आधार घेऊन वाढते रॉड बसवतात आणि मूल वाढेल तसे साधारण दर सहा महिन्यांनी लांबवतात. प्रत्येक वेळी भूल, टाके, शाळेचा खाडा. बाहेरून चुंबकाने लांबवता येणारे रॉडही आहेत, पण त्यांची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. माझी मुलगी आतापर्यंत चार वेळा आत गेली. भूल द्यायला नेताना ती माझा पदर बोटाला गुंडाळून घेते, तो नर्सबाईंना सोडवावा लागतो.

लोक म्हणाले, दप्तराचं ओझं, कडेवर चुकीचं घेतलं. तसं नसतं. बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. त्या बोलण्याने माझ्या किती रात्री गेल्या, ते राहू द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. माझ्या मुलीचं वजन, दात, डोळे पाहिले. वाकायला कोणी सांगितलं नाही. पाय जुळवून, हात सैल सोडून पुढे वाकवायचं आणि मागून पाहायचं, एवढंच. मुलींसाठी बंद खोली आणि पथकातल्या डॉक्टरबाई हव्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलांत बाक २५ ते ४० अंशांत सापडला तर पट्ट्यावर, म्हणजे ब्रेसवर, अनेकांचं ऑपरेशन टळतं. ४५-५०च्या पुढे बहुधा टळत नाही.

ही तपासणी प्रत्येक पथकाला सक्तीची करा. रॉड बसवण्यापासून शेवटच्या लांबवणीपर्यंतचा सगळा प्रवास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत एकच उपचार धरून एकदाच मंजूर करा. आणि मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, या मुलांसाठी ठरलेल्या वाराची ओपीडी सुरू करा. गडचिरोली-गोंदियाहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या आईला निदान कोणत्या वारी यायचं एवढं तरी कळेल.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात याल. अर्धा तास द्या. मी मुलीचे सगळे एक्स-रे घेऊन येते.

आपली,
एक आई, महाल, नागपूर