नोकरी सोडल्याचे पत्र

तीर्थरूप बाबा व सौ. आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर आई लगेच रडली असती आणि बाबांनी फोन तिच्या हातात देऊन पेपर उघडला असता, म्हणून लिहिते आहे. गेल्या शुक्रवारी मी नोकरी सोडली. दुसरी मिळाली आहे, माहितीपटांच्या संकलनाची. पगार कमी आहे, पण ग्रीन कार्ड झाल्यामुळे इथे राहण्याचा प्रश्न नाही आणि दर महिन्याला तुमच्या खात्यात येणारी रक्कम तेवढीच येईल. आईच्या गुडघ्यांचे पैसे मी आधीच वेगळे काढले आहेत.

बाबा, मुलगी बोटीवरच्या कामगारांची मालिका तयार करते, असे तुम्ही साऱ्या सोसायटीला कौतुकाने सांगता, आणि त्यात खोटे काही नाही. मी तिथे नेमके काय करत होते, ते मात्र मीच कधी नीट सांगितले नाही. मार्चमध्ये माझ्याकडे संकलनासाठी एक दृश्य आले. क्रेनला टांगलेला, खेकडे पकडायचा लोखंडी पिंजरा लाटेने झुलला आणि विशीतला एक खलाशी पिंजरा आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. त्याचा हात मोडला. दोनच मिनिटांनी तो शिव्या देत उठून बसलेलाही त्याच चित्रीकरणात दिसतो. किंकाळीवर जाहिराती लावायच्या आणि त्याचे उठून बसणे पुढच्या भागासाठी राखून ठेवायचे, असे मला सांगण्यात आले. मी तसे केले. किंकाळी थोडी लांबवलीसुद्धा.

त्याने संमतीपत्रावर सही केली होती, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत होते. खेकडे पकडणाऱ्या बोटींवरच्या 'डेडलीएस्ट कॅच' या टीव्ही मालिकेतले कॅप्टन फिल हॅरिस २०१० मध्ये पक्षाघाताने गेले, तेव्हा कॅमेरे बंद करू नका असे त्यांनीच सांगितल्याचे मालिकेच्या लोकांनी नंतर सांगितले, आणि हा दाखला मी वर्षानुवर्षे पुढे करत आले. पण कॅप्टन आपल्या बोटीवर स्वतःच्या मर्जीचा मालक असतो. पिंजऱ्यात आमिष लावणाऱ्या पोराला पुढच्या हंगामात घ्यायचे की नाही, हेही तोच ठरवतो. मग कॅप्टनने होकार दिलेल्या कॅमेऱ्याला तो पोरगा नाही कसे म्हणणार?

त्याच मालिकेच्या पहिल्या हंगामाचे चित्रीकरण चालू असताना, जानेवारी २००५ मध्ये, अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात 'बिग व्हॅली' नावाची बोट बुडून सहापैकी पाच जण गेले. तेव्हा सगळ्या बोटींना मिळून एकच मर्यादा असे आणि ती भरेपर्यंत जो जेवढे खेकडे धरेल तेवढे त्याचे, त्यामुळे वादळातही कोणी थांबत नसे. त्याच वर्षी प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून देणारा नियम आला आणि ती जीवघेणी शर्यत संपली. अशा रुक्ष नियमावर कोणी मालिका काढत नाही. आम्ही मात्र संगीत लावून शर्यत चालूच ठेवतो.

ते दृश्य पूर्ण करून घरी आले आणि विजेच्या खांबावरच्या तुमच्या अपघाताची ती रात्र आठवली, बाबा. आई तुमचा डावा हात मांडीवर घेऊन बसली होती आणि मी दाराआडून पाहत होते. आपल्या गल्लीत तेव्हा कोणाकडे कॅमेरा नव्हता, याचे मला इतक्या वर्षांनी बरे वाटले.

त्या पगाराला मी नावे ठेवत नाही, आपल्या घराचा हप्ता त्यातूनच फिटला. सोसायटीत कोणी विचारले तर मुलीने चांगली नोकरी बदलली, एवढेच सांगा.

आई, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. गीझरचा माणूस मंगळवारी येईल, त्याला पैसे मी दिले आहेत. दिवाळीला मी येतेच आहे, अनारसे तेव्हा आपण दोघी मिळून करू. एकटीने पीठ घेऊन बसू नकोस. आणि बाबा, जिन्यातला दिवा गेला आहे असे आई म्हणाली. तो वॉचमनकडून बदलून घ्या, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही.

तुमची,
छोटी