सोलापूरच्या ताईंना

ताई,

तुमचा नंबर लिहिलेला कागद पावसात भिजला, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आपण शेजारी होतो. यांच्या गालाच्या कॅन्सरसाठी 33 शेक, म्हणजे रेडिएशन, आणि दर आठवड्याला एक केमो चालू होती. तुमच्या यजमानांचे शेक संपत आले होते.

तिसऱ्या आठवड्यात यांचं तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. मी "थोडं तरी खा" म्हणून मागे लागायचे, हे भिंतीकडे तोंड करून निजायचे. तुम्ही मला जिन्यात बसवलंत. "ते रुसलेले नाहीत गं, त्यांना आतून भाजतंय."

मग मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दर दोन तासांनी चूळ, रात्री जाग आली तरी. तिखट, लिंबू, ताक बंद. नाचणीची पेज गार करून, वर चमचाभर तूप. शेकलेल्या गळ्याला कॉलर घासू द्यायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मलम नाही. आणि जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून एकेक वाढवत जायचं.

पोटात अन्न जावं म्हणून नाकातून नळी घालायची म्हटल्यावर आम्ही दोघंही खचलो. आता संपलं, असंच वाटलं. तुमच्या यजमानांना बोलता येत नव्हतं, तरी ते उठून आले आणि आपल्या नाकातली नळी यांना दाखवली. दुसऱ्या दिवशी यांनी ती घालून घेतली. वजन घटायचं थांबलं. वजन फार उतरलं की शेक घेताना चेहऱ्यावर बसवतात तो जाळीचा साचा सैल पडतो आणि शेक नेमका बसत नाही, हे मला नंतर कळलं.

एका रात्री यांना 101 ताप होता. मी गोळी देऊन सकाळची वाट पाहणार होते. केमोतला ताप अंगावर काढायचा नसतो म्हणत तुम्हीच टॅक्सी आणलीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या. तुम्ही नसतात तर... पुढचं लिहवत नाही.

शेक संपल्यावरही दोनेक आठवडे त्रास राहील, घाबरू नको, हे तुम्ही बजावलं होतं. तसंच झालं. आता नळी निघून चार महिने झाले. तोंड अजून कोरडं पडतं, पाण्याची बाटली हाताशी लागते. पण तोंड उघडल्यावर दोन बोटं जेमतेम जायची तिथे तीन मावतात. परवा वरणात मीठ जास्त पडलं, ते यांना पहिल्या घासाला कळलं. मी ओट्याशी उभी राहून रडले.

यजमानांची तब्येत कशी आहे, तेवढं कळवा.

तुमची,
शेजारच्या खाटेवरची