बैल ओळखणाऱ्या पोराचं 'ध'पाशी का अडतं?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

साहेब, मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा पोळ्याला गावातली प्रत्येक बैलजोडी नुसत्या शिंगांवरून सांगतो, कोणाची ते. पण शिरोरेषेतली एवढीशी फट त्याला दगा देते. 'ध'चा 'घ' होतो, 'भ'चा 'म'.

अशा मुलांना आम्ही एकच औषध देतो: वीस वेळा लिही. पाहिलेलं लक्षात राहत नाही, हे आमचं निदान. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. हा पोरगा पाहून इतकं सुरेख उतरवतो की वही प्रदर्शनात ठेवावी. वही मिटली की पेन्सिल हवेत. "गुरुजी, आते याद व्हत नही!" म्हणजे, आता आठवत नाही.

वाचनात अडणाऱ्या बहुतेक मुलांची गाठ चित्र आठवण्यात नसते, त्या चित्राला आवाज जोडण्यात असते. नजर तयार असून भागत नाही. त्यातून आपली लिपी: 'कि'ची वेलांटी आधी दिसते, उच्चार मागून येतो. 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक', 'दऱ्या' यांत एकच 'र' चार सोंगं घेतो. आणि घरी अहिराणी. तिथे डोळ्याला 'डोया' म्हणतात. कानावर न पडलेला 'ळ' तो कुठून लिहिणार? ही 'ळ'ची चूक म्हणजे अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातली मुळातली अडचण) नव्हे, बोलीचा फरक आहे. तपासणाऱ्याला हा भेद कळला पाहिजे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. ती लवकरात लवकर ओळखा, असं कलम 16 सांगतं. प्रत्यक्षात याच्या आईने तपासणीसाठी शहरातल्या एका दवाखान्यात दोन खेपा केल्या, तेही ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून. दोन्ही वेळा उत्तर एकच: आज डॉक्टर नाहीत.

महिन्यातून एक दिवस तपासणी पथक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात बसवा. पथकात अहिराणी समजणारं एक माणूस असू द्या. आणि शिक्षक प्रशिक्षणात आम्हाला वीस वेळा लिहून घेण्याऐवजी बोटाने गिरवत, मोठ्याने उच्चारत अक्षर शिकवणं करून दाखवा. पीपीटी नको, साहेब, ती आम्ही खूप पाहिली.

पोरगा जूनमध्ये पाचवीत जाईल. त्याआधी एक तारीख कळवलीत, तर त्याच्या आईला मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक