रविवारची बैठक वृद्धाश्रमात

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९.३० वाजता आपली गाण्याची मासिक बैठक नेहमीच्या हॉलऐवजी वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर आहे. आधी सकाळचा राग तोडी, शेवटी भजन. मागच्या खेपेला कुणाशीच न बोलणाऱ्या एका आजींचं बोट पांघरुणावर अगदी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत होतं. त्यांच्यासाठी विलंबित (संथ लयीतला) एकताल याही वेळी ठेवला आहे.

– तानपुरे जुळवायला दोघांनी ९ वाजताच यावं.
– माइक नाही. वेगळ्या रांगा न करता आजी-आजोबांच्या शेजारीच बसा. मोबाइल बंद.
– सर्दी-खोकला असेल तर कृपया येऊ नका.
– खाऊ आणू नका, अनेकांना पथ्य आहे.

गाणं संपल्यावर लगेच निघू नका. चहा आणि गप्पांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.